डब्याची चूल

(साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हाला चुलीविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. बायका म्हणतील, "गुरुजी, जन्म गेला आमचा चुलीपुढं. आता तुम्ही काय नवीन सांगणार?" पुरुष म्हणतील, "चुलीचं बोलणं आम्ही कशाला ऐकायचं?" पण दोघांनीही ऐकावे. चूल बाई पेटवते, परंतु तिचा धूर घरातल्या सर्वांच्या छातीत जातो.

आधी आमची चूक सांगतो. आम्ही बरीच वर्षे शाळेत शिकवले. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा ठेवायचा. थोड्या वेळात मेणबत्ती विझते. मग मुलांना विचारायचे, "का विझली?" मुले एका सुरात ओरडत, "हवा संपली, गुरुजी!" आम्ही म्हणायचो, "शाबास!" असे आम्ही दरवर्षी केले. पण घरी आमची सौभाग्यवती रोज सकाळी डोळे पुसत फुंकणी फुंकत होती, तिकडे आमचे लक्ष कधी गेले नाही. जे ज्ञान फळ्यावर होते, ते स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत गेलेच नाही.

पुढे तिला खोकला लागला. औषधे झाली, काढे झाले. खोकला हटेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारले, "बाई, तुम्ही बिडी ओढता का?" ती बिचारी लाजली. म्हणाली, "अगं बाई! आयुष्यात कधी तोंडाला लावली नाही." डॉक्टर म्हणाले, "मग घरात चूल असेल." एवढे ऐकले आणि आमची मान खाली गेली.

मंडळी, ही एका घराची गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा, की घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांच्या आतली लेकरेही पुष्कळ होती. आता सरकारची उज्ज्वला योजना आहे. ती १ मे २०१६ रोजी सुरू झाली. गावोगाव गॅस आला. फार चांगले झाले. ज्याला परवडतो त्याने गॅसच वापरावा. पण टाकी संपली की दुसरी आणायला पैसे लागतात. म्हणून पुष्कळ घरांत चहा गॅसवर होतो आणि आंघोळीचे पाणी, डाळ, जनावरांचे आंबोण चुलीवर. गॅस आला तरी चूल गेली नाही. म्हणून तिचे बोलणे करायचे.

आता पहिला प्रश्न. धूर म्हणजे काय?

धूर म्हणजे न जळलेले लाकूड. हे वाक्य वहीत लिहून घ्या. लाकूड तापले की त्यातून वायू निघतात. ते वायू नीट पेटले तर जाळ होतो. नीट पेटले नाहीत तर धूर होतो. तोच धूर भांड्याला काजळी होऊन चिकटतो, भिंती काळ्या करतो आणि छातीत बसतो. म्हणजे रानातून डोक्यावरून मोळी आणायची, आणि तिच्यातला काही भाग न जाळताच आढ्याला पाठवायचा. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडाच्या शंभर भाग उष्णतेपैकी साधारण दहा-पंधरा भागच भांड्याला मिळतात. बाकीची वाऱ्यावर जाते.

वायू नीट जळायला तीन गोष्टी लागतात. कोरडे लाकूड, पुरेशी हवा आणि चांगली धग. लाकूड ओले असेल तर आधी त्यातले पाणी आटवण्यात धग खर्च होते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचेच असू शकते. चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरले तर हवा आत शिरत नाही. आणि जाळ पेटताच त्याला थंड भांडे लागले, तर धग मरते आणि धूर होतो.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब असेल त्यांना हे लवकर समजेल. बंबाच्या मधोमध उभी नळी असते. खाली जाळी असते. वरून ढलप्या टाकायच्या. हवा खालून शिरते आणि जाळ नळीतून वर धावतो. बंब चांगला पेटला की घूं घूं वाजतो. तो आवाज हवेच्या ओढीचा. आपल्याला हीच ओढ चुलीत आणायची आहे.

हा विचार आजचा नाही. वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणाऱ्या मंडळींनी मगन चूल तयार केली. ती मातीची आणि धुरांड्याची. हैदराबादच्या डॉ. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका लिहिली. १९८३ साली सरकारने सुधारलेल्या चुलींचा मोठा कार्यक्रम काढला. तो २००२ पर्यंत चालला. अमेरिकेत लॅरी विनियार्स्की नावाच्या गृहस्थांनी १९८२ च्या सुमारास एका चुलीची आखणी केली. तिला रॉकेट चूल म्हणतात. आडव्या नळीत लाकडे, उभ्या नळीत जाळ आणि नळीभोवती राखेसारखी हलकी वस्तू. तीच चूल भंगारातल्या डब्यांची कशी करायची, ते आता सांगतो.

सामान असे. गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा चौकोनी डबा एक. हा साधारण सव्वानऊ इंच रुंद आणि चौदा इंच उंच असतो. चार इंच रुंदीचे गोल डबे तीन. दूध-पावडरीचे किंवा वनस्पती तुपाचे चालतील. मात्र ते पत्र्याचे हवेत, प्लॅस्टिकचे नकोत. पत्र्याचे दोन तुकडे. लोखंडाचे सारख्या उंचीचे तीन तुकडे. चाळलेली कोरडी राख, दीड-दोन पाट्या. हत्यारे म्हणजे पत्रा कापायची कात्री, छन्नी, हातोडी, पक्कड आणि कानस. एवढे पुरे.

पण थांबा. भंगारातला कोणताही डबा उचलू नका. इथे एक गोष्ट सांगतो.

वर्गात आम्ही ही चूल करायला घेतली, तेव्हा एक मुलगा शेतातून डबा घेऊन आला. डबा छान, मजबूत. आम्ही तर म्हणालो, "वा! नामी आहे." आमचा चष्मा खिशात होता. आमच्या वर्गातल्या एक आजी जवळ बसल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांना अक्षर येत नव्हते. त्यांनी डबा फिरवला, बोट ठेवले आणि वाचू लागल्या, "वि... ष... विष!" मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "गुरुजी, ह्याच्यावर तर विष लिवलंय की!" आम्ही चष्मा लावून पाहिले. फवारणीच्या औषधाचा डबा होता तो.

मंडळी, तो डबा चुलीला लागला असता तर त्याचा धूर सगळ्या वर्गाच्या नाकात गेला असता. आजींना दोन अक्षरे आली, म्हणून आम्ही वाचलो. वाचायला कशासाठी शिकायचे, असे कोणी विचारले तर ही गोष्ट सांगा.

अक्षर पुसट असेल तर खूण पाहा. औषधाच्या डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असते. तिचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल रंग सर्वांत जहरी. त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हिरवा आहे म्हणून चालेल, असे समजू नका. औषधाचा कोणताच डबा चुलीला घ्यायचा नाही. धुऊनही नाही.

आणखी दोन गोष्टी टाळा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणजे बादलीचा किंवा छपराचा पांढरट पत्रा, जाळाच्या जागी लावू नका. जस्त फार तापले की त्याचा पांढरा धूर होतो. तो छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो. आणि बंद पिंप कधीही वेल्डिंगने किंवा जाळाने कापू नका. पेट्रोल, रंग, थिनर यांचे पिंप रिकामे दिसते, पण आत वाफ उरलेली असते. ठिणगी पडली की ते बॉम्बसारखे फुटते.

डबा पारखून झाला. आता कामाला लागू.

पत्र्याची कड सुरीसारखी लागते. म्हणून हाताला जाड गोणपाट गुंडाळा. कापलेली प्रत्येक कड कानशीने घासा किंवा ठोकून दुमडा. लेकरांना लांब बसवा. पत्रा लागलाच तर जखम धुऊन दवाखान्यात जा आणि धनुर्वाताची सुई टोचून घ्या.

पहिले काम. मोठ्या डब्याचे वरचे झाकण कापून काढा. मग डब्याच्या एका बाजूला, तळापासून एक इंच वर, गोल डबा टेकवून खिळ्याने गोल आखा. तो गोल कापा. हे चुलीचे तोंड.

दुसरे काम. उभी नळी. एका गोल डब्याचा तळ ठेवा, दुसऱ्याचा काढा. दुसरा डबा पहिल्यावर बसवा. दोन्ही मिळून तेरा इंच उंची हवी. कमी पडली तर पत्र्याची पट्टी गुंडाळून वाढवा. तळ असलेल्या डब्याच्या बुडाशी, एका बाजूला, दुसरे भोक पाडा.

तिसरे काम. आडवी नळी. तिसऱ्या डब्याचे तळ आणि झाकण दोन्ही काढा. हा डबा मोठ्या डब्याच्या तोंडातून आत सरकवा. त्याचे टोक जरा चेपा आणि उभ्या नळीच्या भोकात बसवा. बाहेर दोन-तीन इंच राहू द्या. उभी नळी मोठ्या डब्याच्या मधोमध येईल आणि एक इंच राखेवर बसेल, असे करा. सांध्यांना माती आणि राख कालवून लिंपण करा. नाहीतर राख नळीत गळते.

चौथे काम. नळीभोवती राख भरा. हलक्या हाताने थापा, ठोकून भरू नका. राखेत हवा अडकून राहते आणि तीच धग राखते. पहिल्यांदा आम्ही राखेऐवजी वाळू भरली. वाटले, चूल जड होईल, हलणार नाही. पण वाळूच सगळी धग पिऊन बसली. अर्धा तास झाला तरी पाणी उकळेना आणि धूर चांगला येत राहिला. शेवटी वाळू काढली. राख भरली की वरून पत्र्याचा तुकडा बसवा. त्याला मधोमध चार इंचांचे भोक ठेवा.

पाचवे काम लहान आहे, पण जीव त्यातच आहे. पत्र्याची एक सपाट पट्टी आडव्या नळीत घाला. नळीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर ती बसली पाहिजे. लाकडे पट्टीच्या वर ठेवायची. पट्टीखालची जागा हवेची. तिथे काडीसुद्धा घालायची नाही.

सहावे काम. भांड्यासाठी वर लोखंडाचे तीन तुकडे ठेवा. भांडे चुलीच्या तोंडावर एक इंच उचललेले राहिले पाहिजे. एकच इंच का? हिशेब सोपा आहे. नळीच्या रुंदीचा चौथा हिस्सा. नळी चार इंच, म्हणून एक इंच. म्हणजे जेवढी वाट नळीत, तेवढीच वाट भांड्याखाली. यापेक्षा कमी ठेवले तर जाळ कोंडतो. जास्त ठेवले तर धग बाहेर पळते. भांड्याभोवती पत्र्याचे कडे केले तर आणखी लाकूड वाचते. दहा इंच रुंद पातेले असेल तर पातेले आणि कडे यांत बोटाच्या जाडीएवढी फट ठेवा. जाळ पातेल्याच्या बाजूंनाही चाटत जाईल.

चूल झाली. आता भांडे न ठेवता ती बाहेर अंगणात अर्धा तास पेटवा. डब्यावरचा रंग जळून जाईल. त्या वेळी वाऱ्याच्या बाजूला उभे राहा. तो वास नाकात जाऊ देऊ नका.

पेटवण्याची रीत वेगळी आहे. आधी काटक्या. मग अंगठ्याएवढ्या जाडीची दोन-तीन लाकडे. बाभळीचा ओंडका इथे चालत नाही. तुराट्या, पऱ्हाट्या, वाळक्या फांद्या फार छान चालतात. लाकडाचे फक्त टोक जळते. जळेल तसे आत सारायचे. तोंड गच्च भरले तर धूर येईल. तोंडात बोळा कोंबला तर माणसाला तरी श्वास घेता येईल का? चूल नीट पेटली की बंबासारखी वाजते. धूर फार कमी होतो.

आम्ही चूल घरी नेली. पाणी उकळले, डाळ शिजली. आम्हाला मोठा अभिमान वाटला. शेजारच्या काकूंना बोलावले. त्यांनी चूल पाहिली, जाळ पाहिला. म्हणाल्या, "धूर कमी झाला ह्ये खरं, गुरुजी. पण भाकर कुठं शेकायची?"

आम्ही गप्प झालो. खरेच की! आपल्या चुलीत भाकरी तव्यावरून काढायची आणि विस्तवापुढे उभी करायची. तेव्हा ती टम्म फुगते. या चुलीला पुढे विस्तवच नाही. आम्ही इंच मोजले, राख चाळली. पण भाकरी करणारीला विचारले नाही. सरकारने दिलेल्या सुधारलेल्या चुलीही पुष्कळ घरांत अशाच पडून राहिल्या. काही फुटल्या, काही स्वयंपाकाच्या रीतीला बसल्या नाहीत.

काकूच पुढे म्हणाल्या, "जाळी हाय का?" जुन्या शेगडीची जाळी घरात होती. त्यांनी तवा उतरवला, जाळी ठेवली, जाळ थोडा मागे ओढला आणि भाकरी जाळीवर टाकली. भाकरी फुगली. त्यांनी तेवढ्यात उलटली आणि आमच्या हातात दिली. त्या दिवशी आम्ही विद्यार्थी आणि काकू गुरुजी. म्हणून सांगतो, चूल करताना घरातल्या बाईला शेजारी बसवा. ती म्हणेल तेवढी उंची, ती म्हणेल तिकडे तोंड.

आता सर्वांत महत्त्वाचे. धूर दिसत नाही म्हणून ही चूल बंद खोलीत पेटवू नका. लाकूड असो, कोळसा असो, जळताना एक विषारी वायू निघतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, गरगरते, झोप येते. ती झोप शेवटची ठरू शकते. थंडीत दारे लावून शेगडी उशाशी ठेवू नका. या चुलीला धुरांडे नाही. म्हणून तिची जागा पडवीत, अंगणात किंवा जिथे हवा आरपार वाहते तिथे. तिच्या तिन्ही बाजूंना विटा रचा, म्हणजे भांडे कलंडणार नाही आणि पोर भाजणार नाही.

चूल किती दिवस टिकेल? आतली नळी पातळ पत्र्याची आहे. जाळाने ती काही महिन्यांत झिजते. झिजली की बदलायची. पैसे असतील तर चार इंची लोखंडी नळाचा तुकडा, जस्त नसलेला, लोहाराकडून बसवून घ्या. तो जास्त टिकेल.

आणि आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. स्वतः मोजा. एकाच पातेल्यात दोन लिटर पाणी घ्या. एकदा जुन्या चुलीवर उकळा, एकदा नव्या. दोन्ही वेळा लाकडे आधी तोला, उरलेली नंतर तोला. वजाबाकी तुम्हाला आता येते. वहीत दोन आकडे लिहा आणि पुढच्या वर्गाला घेऊन या. आपण सर्वांचे आकडे फळ्यावर मांडू.

आमच्या सौभाग्यवतीचा खोकला पुरता गेला नाही. छातीत इतकी वर्षे बसलेला धूर एका डब्याने निघत नाही. पण आता ती पडवीत बसून पाणी तापवते आणि फुंकणी खुंटीला टांगलेली आहे. ही चूल आम्ही तीस वर्षांपूर्वी करू शकलो असतो. डबेही होते, राखही होती, ज्ञानही होते. तुम्ही तेवढा उशीर करू नका.

ध्यानात ठेवा

१. धूर म्हणजे न जळलेले लाकूड.
२. डबा घेण्याआधी त्यावरची अक्षरे वाचा. औषधाचा डबा नको.
३. पट्टीखालची वाट हवेची. ती मोकळी ठेवा.
४. नळीभोवती राख भरा, वाळू नको.
५. बंद खोलीत चूल किंवा शेगडी पेटवू नका.
६. चूल वापरणारीला आधी विचारा.